हिरड्यांसाठी लेझर की साधं डीप क्लीनिंग?

आईच्या हिरड्यातून ब्रश करताना रक्त यायचं, धंतोलीतल्या डेंटिस्टनी खुणा असलेली बारीक सळई घालून मोजलं तर दोन दाढांपाशी 5 मिमी पॉकेट (हिरडी नि दात यांच्यातली फट) निघालं, नॉर्मल 1 ते 3 असते. तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे.

डीप क्लीनिंगमधे मुळाला चिकटलेला दगडासारखा थर खरडून काढतात, म्हणजे जंतूंचं घरच उठते. भूल देतात, नंतर थोडे दिवस थंड पाणी झोंबते, बस.

लेझरचं ऐकायला भारी वाटते, पण डायोड लेझर (प्रकाशाची तरंगलांबी साधारण 810 ते 980 नॅनोमीटर) तो दगड काढूच शकत नाही बाप्पा, बारीक फायबर पॉकेटमधे घालून फक्त जंतू मारते, त्यातले काळपट रंगद्रव्यवाले प्रकाश जास्त शोषतात म्हणून जास्त मरतात, आणि पॉवर जास्त झाली तर मुळाला नि हाडाला चटका बसू शकते. दुसरा प्रकार मला जास्त आवडला, मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग आत सोडायचा, त्यावर 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकायचा, मग रंगामुळे तिथला ऑक्सिजन इतका तिखट होते की जंतूची भिंतच फुटते. पण थर तसाच राहिला तर जंतू परत येतातच नं.

म्हणून माझं मत पक्कं, आधी क्लीनिंग. नुसत्या लेझरवर पैसे घालू नका, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तर नाहीच. आईची उजवी बाजू मंगळवारी करून राहिलो, सहा-आठ आठवड्यांनी परत मोजतील, पॉकेट तसंच असलं तर लेझरचं बघू.