यूएल्मचं आम्सहाउस : जाऊन पाहावं असं

इंग्लंडमधली जुनी खेडी पाहायची म्हटलं की बहुतेक जण कॉट्सवोल्ड्सची वाट धरतात. हाताशी एकच दुपार असेल, तर मी ऑक्सफर्डशरमधलं यूएल्म सुचवेन. आम्सहाउस म्हणजे गरीब म्हाताऱ्या माणसांसाठी दानातून बांधलेली घरं. इथलं आम्सहाउस १४३७ सालचं. कवी चॉसरची नात ॲलिस आणि तिचा नवरा, सफोकचा अर्ल विल्यम द ला पोल, यांनी राजाची परवानगी घेऊन १३ गरीब पुरुष आणि दोन पाद्री यांच्यासाठी ते उभारलं.

मी बांधकामातला माणूस, त्यामुळे आधी नजर गेली ती भिंतींकडे. लाकडी सांगाडा आणि त्याच्या चौकटींत बसवलेली वीट. खडूचा दगड आणि गारगोटीच्या या मुलखात तेव्हा वीट नवी होती. गरिबांच्या घरांना असं नवं साहित्य वापरलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. कमी उत्पन्नाच्या माणसांची घरं म्हणजे हलकं काम, असं समजणाऱ्यांनी ही विटांची जुडाई येऊन बघावी.

रचना आपल्या चौसोपी वाड्यासारखी. मधे मोकळा चौक, चारी बाजूंनी लाकडी खांबांची झाकलेली ओसरी आणि ओसरीवर उघडणारी दारं. प्रत्येकाला स्वतःचं दार, तरी बाहेर पाऊल टाकलं की शेजारी समोर. पावसाळी देशात म्हाताऱ्या माणसाला न भिजता चार पावलं चालता यावीत, याची सोय त्या छपरात आहे. वृद्धाश्रमांचे नकाशे काढणाऱ्यांनी या ओसरीत जरूर थोडं थांबावं.

चर्च, आम्सहाउस आणि शाळा उतारावर एकाखाली एक आहेत. चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या थेट चौकाकडे उतरतात. राहणाऱ्यांनी रोज संस्थापकांसाठी प्रार्थना करायची, ही अट होती, म्हणून ही जवळीक. इथे मात्र माझी तक्रार आहे : या पायऱ्या वयस्कर गुडघ्यांसाठी नाहीत. प्रार्थनेचा विचार आधी झाला, चढणाऱ्याचा नंतर. शाळेत आजही गावातली मुलं शिकतात, म्हणून ती बाहेरूनच पाहा.

आम्सहाउसमध्येही अजून माणसं राहतात. चौकात हळू बोला, खिडक्यांतून डोकावू नका, दारांचे फोटो काढू नका.

चर्चमध्ये ॲलिसची संगमरवरासारख्या शुभ्र अलाबास्टरची समाधी आहे. ती १४७५ साली वारली. वर तिची झोपलेली मूर्ती, खाली जाळीआड तिच्याच झिजलेल्या, हाडं दिसणाऱ्या देहाचं शिल्प. त्या देहाच्या वरच्या छतावर चित्रं रंगवलेली आहेत. ती बघायला जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं. कपड्यांची पर्वा न करता व्हा.