३५ एएच, ४५ एएच की चार्जर?

आठवडाभर लोकल आणि गाडी फक्त रविवारी, असा वापर असला की बॅटरी लवकर बसते. दुकानात मग हमखास ऐकायला मिळतं, 'या वेळी मोठी टाका.' पैसे मोजण्याआधी बॅटरी उतरते कशाने ते बघा.

स्टार्टर दीडशेएक अँपिअर ओढतो, पण जेमतेम दोन सेकंद. त्यात ०.१ एएचही जात नाही (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). खरी गळती उभ्या गाडीत होते. अलार्म, सेंट्रल लॉक, ईसीयू (इंजिनचा संगणक) मिळून ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ एएच. या दराने भरलेली ३५ एएचची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते, ४५ एएचची एकोणीस दिवसांत. मोठीने चारच दिवस वाढवून दिले. पार्किंग मोडवरचा, म्हणजे उभ्या गाडीतही चालू राहणारा डॅशकॅम असेल तर तेवढेही नाहीत.

शिवाय मोठी बॅटरी जागेत मावायला हवी. लहान गाड्यांतली बी२० साइजची बॅटरी १९७ मिमी लांब, ४५ एएचला सहसा येणारी बी२४ २३८ मिमी. क्लॅम्प नीट आवळला नाही तर आपल्या खड्ड्यांत बॅटरीच्या आतल्या प्लेटांचा मसाला झडतो. बॅटरीवरच्या कोडच्या शेवटचा, टर्मिनलची बाजू सांगणारा एल किंवा आर चुकला तर पॉझिटिव्हची केबलच पोचत नाही. 'अल्टरनेटरला (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला) मोठी बॅटरी झेपत नाही' हे मात्र खोटं. जेवढे एएच गेले तेवढेच त्याला परत भरायचे असतात.

साधी, ईएफबी (साधीचाच जास्त टिकाऊ प्रकार) की एजीएम (आम्ल काचतंतूंच्या मॅटमध्ये शोषलेली, सीलबंद), हा निर्णय गाडीच करते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर कंपनीने दिलेला प्रकारच घ्या. साधी बॅटरी वारंवार थोडी उतरून-भरून लवकर मरते. तशी गाडी नसेल तर साधी पुरे. सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करायची ताकद, उणे १८ अंशांना मोजतात, त्यामुळे त्या आकड्यासाठी मुंबईत जास्त पैसे देऊ नका. इथे बॅटरीला मारतो तो बॉनेटखालचा उकाडा.

राहिलं चार्जिंग. सोसायटीत रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं हा सगळ्यात वाया जाणारा उपाय. आयडलला अल्टरनेटर कमी देतो, आणि एसीचा पंखा नि दिवे चालू असतील तर त्यातलं बरंचसं तेच खातात. रस्त्यावरही शेवटचे वीस टक्के भरायला तास लागतात, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी घेते. जंपस्टार्टनंतर अर्धा तास फिरवलेली गाडी दोन दिवसांनी पुन्हा रुसते, ती यामुळेच.

चार्जर हे काम नीट करतो. क्षमतेच्या दहा टक्के करंट हा जुना नियम, म्हणजे ३५ एएचला साडेतीन-चार अँपिअर. निम्मी बॅटरी भरायला सहा तास आणि वर शेवटची संथ भरती. रात्रभर लावायचा तर आपोआप थांबणाराच घ्या. एजीएमला चार्जरवर एजीएम मोड हवाच, कारण जास्त व्होल्टेजने तिच्यातलं उडालेलं पाणी परत घालता येत नाही. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्हचा चिमटा बॅटरीपासून दूर बॉडीच्या उघड्या धातूला, मग स्विच. काढताना नेमकं उलट. हायड्रोजन निघतो, म्हणून जागा मोकळी हवी.

चार्जर घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. पूर्ण चार्ज करूनही सकाळी १२.४ च्या खाली आली तर ती गेली. वॉरंटी कार्ड काढा.

म्हणून १२.४ टिकत असेल आणि पार्किंगमध्ये प्लग असेल तर चार्जर. प्लग नसेल, पण साइज बसत असेल आणि बॅटरी तशीही बदलायची असेल तर ४५. दोन्ही जमत नसेल तर १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ नि काचांचं ऑटो सेटिंग जाईल, अलार्म बंद राहील, रिमोट चालणार नाही. दार उघडायला चावी खिशात आहे ना, हे बॉनेट पाडण्याआधी बघा.