साधा लेथ की सीएनसी: लहान वर्कशॉपने काय पाहून ठरवावं

जागा एका मशीनपुरती आणि पैसाही एका मशीनपुरता. अशा वेळी बहुतेक जण नग मोजून निर्णय घेतात: नग जास्त तर सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या आकड्यांवर चालणारं मशीन), कमी तर हाताने चालवायचं साधं मशीन. हे अर्धंच खरं आहे. मी आधी विचारतो, हाच जॉब, म्हणजे बनवायचा हाच भाग, परत येणार आहे का?

हिशेब करून पाहू. पायऱ्यापायऱ्यांचा एक शाफ्ट आहे असं धरा. साध्या लेथवर टूल बांधून काम सुरू करायला २० मिनिटं आणि प्रत्येक नगाला २६ मिनिटं लागतात. सीएनसीवर प्रोग्रॅम लिहिणं, टूल लावणं, ऑफसेट घेणं (टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला देणं), ड्राय रन (न कापता प्रोग्रॅम चालवून पाहणं), पहिला नग मोजून दुरुस्ती, हे सगळं धरून १२० मिनिटं जातात आणि मग दर नग ६ मिनिटांत उतरतो. सुरुवातीला १०० मिनिटं जास्त गेली, पण नगामागे २० मिनिटं वाचली. म्हणजे पाचव्या नगाला बरोबरी आणि सहाव्यापासून सीएनसी पुढे.

आता तोच शाफ्ट दोन महिन्यांनी परत आला. प्रोग्रॅम साठवलेला आहे, कुठलं टूल कुठल्या स्टेशनवर ते वहीत लिहिलेलं आहे, जॉज (जॉब पकडणाऱ्या चकाचे जबडे) त्याच मापाला बोअर करून ठेवलेले आहेत. तयारी ४५ मिनिटांत होते. साध्या लेथची २० मिनिटं मात्र दर वेळी २०च राहतात. या खेपेला दुसऱ्याच नगाला सीएनसी पुढे जातं. तुमच्या जॉबप्रमाणे आकडे बदलतील, रीत हीच. त्यामुळे दर महिन्याला दहा-दहा नग परत येणारं काम मला एकदाच येणाऱ्या पन्नास नगांपेक्षा सीएनसीच्या बाजूचं वाटतं. शिवाय त्या ६ मिनिटांत माणूस मोकळा असतो. मागच्या नगाची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढतो, मायक्रोमीटर लावतो, पुढचा रॉड कापून ठेवतो. साध्या लेथवर हात हँडलवरच अडकलेले असतात.

दुरुस्तीचं काम आलं की

इथे मी साध्या लेथच्या बाजूने ठाम उभा आहे. बेअरिंगच्या जागी झिजलेला शाफ्ट कोणीतरी वेल्डिंगने भरून आणतो. ड्रॉइंग नसतं, सोबत फक्त बेअरिंग असतं. शाफ्ट थोडा वाकलेलाही असतो. चार जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या फोर जॉ चकात धरायचा, न झिजलेल्या भागावर डायल गेज लावून सेंटरला आणायचा आणि वेल्डच्या खडबडीत थरातून पहिला कट सावकाश घ्यायचा. मध्येच कडक ठिपका लागला की आवाज बदलतो, हँडलला ताण जाणवतो आणि हात आपोआप थांबतो. शेवटी बेअरिंग लावून पाहत मापाला आणायचं. हेच सीएनसीवर करता येत नाही असं नाही, पण मशीनला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगावी लागते आणि इथे आकडा तर कामाच्या शेवटी कळणार असतो. तुमचं निम्मं उत्पन्न असल्या दुरुस्तीचं असेल, तर साधा लेथ विकून सीएनसी घेऊ नका.

आकार वाकडा असेल तर

सीएनसीचा जन्मच वक्र आकारांच्या अडचणीतून झाला. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्रासाठी पंचकार्डांवरून बिंदूंचे सहनिर्देशक काढत होते. त्यातून पुढे गेलेल्या कामामुळे १९५२ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत आकड्यांवर चालणारं तीन अक्षांचं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. दोन हँडल एकाच वेळी, एकमेकांच्या बदलत्या प्रमाणात फिरवणं माणसाच्या हाताला अचूक जमत नाही. टेपर कंपाउंड स्लाइड (टूलखालची तिरकी वळवता येणारी सरक) वळवून निघतो, छोटी त्रिज्या त्याच आकाराच्या फॉर्म टूलने निघते, पण लांब वक्र, गोलाचा भाग किंवा साच्याचा खड्डा आला की साधं मशीन हात टेकतं. असं काम नियमित असेल, तर दोनच नग असले तरी सीएनसीच घ्यावं.

आट्यांचंही थोडं तसंच आहे. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंची असलेल्या लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १२७ भागिले ५ म्हणजे नेमके २५.४. शिवाय आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) सोडता येत नाही, दर पासला मशीन उलटं फिरवून मागे यावं लागतं. सीएनसीवर पिच (दोन आट्यांमधलं अंतर) लिहिला की काम झालं.

फेसिंगमध्ये, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, एक फरक सहसा लक्षात येत नाही. कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर ठेवायचा असेल, तर १०० मिलिमीटर व्यासाला मिनिटाला सुमारे ४७७ फेरे लागतात आणि २० मिलिमीटर व्यासाला सुमारे २,३८७. प्रोग्रॅममध्ये जी ९६ (कटिंग स्पीड कायम ठेवायची आज्ञा) दिलं की टूल मध्याकडे सरकेल तसे सीएनसी फेरे वाढवत नेतं आणि फिनिश शेवटपर्यंत एकसारखं राहतं. गिअरबॉक्सच्या लेथवर एकच स्पीड धरून बसावं लागतं. (जी ९६ वापरताना कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी घालाच. मध्याशी आल्यावर मशीन फेरे वाढवतच नेतं, चकाला ते झेपतील का याचा विचार करत नाही.)

अचूकतेबद्दलचा गैरसमज

सीएनसी म्हणजे आपोआप मायक्रॉनमध्ये काम, असं समजून मशीन घेणारे पुष्कळ आहेत. सीएनसी देतं ते सातत्य. पहिला नग चुकला असेल तर पन्नासावाही तेवढाच चुकतो. मोजून ऑफसेट दुरुस्त करणं हे माणसाचंच काम राहतं. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं टोक) झिजतो, स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) तापतं, जॉबही तापतो. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर साधारण १२ मायक्रॉन वाढतो. गरम जॉब मोजून ऑफसेट दिला, तर गार झाल्यावर माप खाली जातं, मग मशीन कुठलंही असो. एखादा नग मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत बसवणं चांगल्या टर्नरला साध्या लेथवरही जमतं. तोच टर्नर संध्याकाळी पाचला चाळिसावा नग तसाच काढेल, याची खात्री मात्र मी देणार नाही.

चूक झाली तर

साध्या मशीनवरची चूक बहुतेक वेळा एक जॉब खाते. सीएनसीवरची चूक स्पिंडलपर्यंत जाऊ शकते. जी ५४, जी ५५ हे जॉबचा शून्यबिंदू कुठला ते सांगणारे कोड. माझ्या हातून एकदा जी ५४ ऐवजी जी ५५ राहिला आणि कटर रॅपिडमध्ये (न कापता सरकायच्या पूर्ण वेगात) थेट व्हाइसच्या जबड्यात उतरला. हात बटणापर्यंत पोहोचण्याआधी सगळं संपलं होतं. काही कंट्रोलवर दशांश चिन्ह विसरलं तर ५० मिलिमीटरचा आकडा ०.०५ मिलिमीटर म्हणून वाचला जातो. म्हणून नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड कमी करून, टूल जॉबच्या बरंच वर ठेवून चालवायची सवय लागेपर्यंत कुणालाही एकट्याने सोडू नये.

माणसाच्या जिवाचं गणित मात्र उलटं आहे. साध्या लेथवर चकात विसरलेली किल्ली, सैल बाही, हातमोजे, हाताने ओढलेली लांब चिप, हे सगळं अंगावर येतं. सीएनसीला दार असतं. ते दार उघडं ठेवून चालावं म्हणून इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारा स्विच) बांधून टाकणारी वर्कशॉप मी पाहिली आहेत. तसं करू नका.

मधला रस्ता

दोन्हीच्या मध्येही जागा आहे. साध्या मिलिंग मशीनला डीआरओ (जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट) बसवला तर टेबल खरोखर कुठे आहे ते स्केलवरून दिसतं, डायलवरचे फेरे मोजावे लागत नाहीत आणि बॅकलॅशमुळे (स्क्रूच्या ढिलाईमुळे) वाचन चुकत नाही. भोकांच्या रांगा, पीसीडीची (वर्तुळावर मांडलेल्या भोकांची) कामं झपाट्याने सोपी होतात. आत्ता सीएनसी झेपत नसेल, तर मी पहिला खर्च यावर करायला सांगेन.

जुन्या मशीनला मोटर लावून सीएनसी करायचा मोह होतो, तिथे सावध राहा. साध्या स्क्रूच्या ढिलाईत कटरने टेबल ओढलं तर कंट्रोलला पत्ताही लागत नाही. बॉल स्क्रू (गोळ्यांवर फिरणारा, ढिलाई नसलेला स्क्रू) बसवल्याशिवाय त्या मशीनवर क्लाइंब मिलिंग (कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवून कापणं) नीट होणार नाही. एन्कोडर (मोटर किती फिरली ते कंट्रोलला कळवणारा भाग) नसलेली, ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी स्टेपर मोटर जास्त भाराखाली स्टेप चुकली, तरी कंट्रोल पुढे जातच राहतं. शिकायला असं मशीन उत्तम आहे. त्यावर गिऱ्हाइकाचं मापाचं काम घेताना दोनदा विचार करावा.

मशीनवर कोण उभं राहणार

प्रोग्रॅम लिहिणारा एकच माणूस असेल आणि तो सोडून गेला, तर सीएनसी बंद पडतं. स्वतः शिकायची तयारी नसेल तर ही जोखीम मोठी आहे. उलट अनुभवी टर्नर सीएनसीवर लवकर तयार होतो, कारण कट किती घ्यावा, चॅटर (कापताना येणारी थरथर) का येतो, जॉब कुठे धरला की वाकेल, हे त्याला हातातून कळलेलं असतं. फक्त बटणं शिकलेल्याला ते नंतर शिकवणं जड जातं. नवीन मुलाला मी आधी काही महिने साध्या लेथवरच उभं करेन.

जुनं मशीन घेत असाल तर

साध्या लेथचा बेड (ज्यावर टूल धरणारी कॅरेज सरकते तो पाया) चकाजवळच्या भागात किती झिजलाय ते पाहा, कारण सगळं काम तिथेच झालेलं असतं. कॅरेज चकाजवळ बरोबर आवळलेली असेल आणि टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाकडे) नेताना जड होत असेल, तर झीज आहे. बेल्ट, बेअरिंग, जिब (सरकत्या भागाची ढिलाई काढणारी पट्टी) या गोष्टी बदलता येतात, बेडचं ग्राइंडिंग हे मोठं काम आहे.

सीएनसी असेल तर स्पिंडल निदान अर्धा तास पळवून मग आवाज ऐका. डायल गेज लावून प्रत्येक अक्ष पुढे-मागे करून बॅकलॅश मोजा. कंट्रोलसाठी सुटे ड्राइव्ह आणि बोर्ड मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा. पॅरामीटरचा (कंट्रोलमध्ये साठवलेल्या मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप मागून घ्या. जुन्या कंट्रोलमध्ये ते बॅटरीवर टिकलेले असतात. बॅटरी संपली की मशीन स्वतःला विसरतं, म्हणून ती मशीन चालू ठेवूनच बदलायची असते.