वर्गाचं कोळसाचित्र: चौकोन वाटून द्यावेत की एकच मोठा ताव?

सातवी-आठवीच्या मुलांकडून मिळून एक मोठं कोळशाचं चित्र काढून घ्यायचं तर दोन वाटा आहेत. मूळ चित्रावर चौकोन आखायचे, एकेकाला एक वाटायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. नाहीतर भिंतीवर एकच लांब कागद लावून सगळ्यांना त्यावर काढू द्यायचं. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

चौकोनांचा हिशेब सोपा आहे. मुलं ३६ असतील तर सहा ओळी, प्रत्येकीत सहा चौकोन. २२ बाय ३० इंचांच्या कार्ट्रिज पेपरच्या एका तावातून सहा इंची १५ चौकोन निघतात. तीन ताव आणले की वर्गाचं भागून नऊ जादा उरतात, आणि ते लागतातच. मागच्या बाजूला क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण आधीच काढून ठेवा, नाहीतर जोडताना अर्धा तास जातो. विषय असा घ्या की रेषा एका चौकोनातून दुसऱ्यात जातील. पारंब्यांसकट वडाचं झाड उत्तम.

अडचण येते ती छटांची. एकाचा काळा दुसऱ्याच्या करड्याएवढाच असतो. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटांची पट्टी आधी सगळ्यांकडून करून घ्या आणि काम करताना शेजारी ठेवायला लावा. शेजारच्या चौकोनांची मुलं शेजारी बसवा. फांदी कडेला नेमकी कुठे पोचते हे त्यांनी आपसात ठरवायचं. या पद्धतीत मुलं एकमेकांशी बोलतात ती या कडांपुरतीच. बाकी ज्याचं त्याचं. बुजऱ्या मुलाला मात्र हे मानवतं, कारण त्याच्या चौकोनाला कुणी हात लावत नाही.

एका तावावर नेमकं उलटं घडतं. कोळशाची काडी आडवी धरून आधी सगळा कागद करडा करायचा, चिंधीनं चोळायचा, मग उजेडाच्या जागा खोडरबरानं उघड्या करायच्या. एकदा एका मुलीनं मन लावून काढलेली पारंबी दुसऱ्यानं पुसून टाकली. तास संपेपर्यंत ती बोलली नाही. चूक माझी होती. पुसणं हाही चित्राचाच भाग आहे, हे मी आधी सांगितलं नव्हतं. आता पहिल्या पाच मिनिटांनंतर प्रत्येकाला एक जागा उजवीकडे सरकवते आणि तिथलं काहीतरी पुसून नवं काढायला सांगते. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज एकाच कागदावर कोळशानं काढतात, पुसतात, पुन्हा काढतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घेत त्याचा चित्रपट करतात. पुसलेल्याची पुसट खूण मागे राहतेच. हे मुलांना सांगितलं की खोडरबर हातात घ्यायला ती कचरत नाहीत.

एका तावासाठी काडीचाच, म्हणजे बारीक फांदी जाळून केलेला कोळसा वापरा. दाबून केलेल्या कोळशात चिकटद्रव्य असतं, तो जास्त काळा उठतो पण नीट पुसला जात नाही. चौकोनांत शेवटचा गडदपणा द्यायला तो चालेल. कागद खरखरीत हवा. ब्राउन पेपर घेतलात तर चकचकीत बाजू भिंतीकडे करा.

धूळ दोन्हीकडे होते. फुंकर मारू देऊ नका, कागदाला मागून टिचकी मारा. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्याला धुळीपासून लांब, खिडकीशी बसवा. जमिनीवर पसरलेल्या तावावर गुडघे आणि कोपरं फिरतात, म्हणून भिंतच बरी. खाली ओली फडकी अंथरा.

वर्गात चाळीस मुलं, शिक्षक एक आणि स्नेहसंमेलनाची तारीख ठरलेली असेल, तर चौकोन घ्या. दोन जोडतासांत काम होतं. दहा-बारा मुलांचे गट करता येत असतील, तर मी एकच ताव निवडीन, चित्र कमी नेटकं झालं तरी. आणि त्यावर लगेच फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, मारू नका. आठवडाभर तसाच राहू द्या. मुलं मधल्या सुट्टीत येतात, दोन पावलं मागे जाऊन बघतात आणि कुठेतरी एखादी फांदी बदलून जातात.