जुन्या ओमनीच्या सेल्फचा त्रास आणि साधा मल्टिमीटर, आठ महिन्यांचा अनुभव

आमची ओमनी जुनी आहे, केळीचे वेफर्स सावद्याहून भुसावळला पोचवायचं रोजचं काम. मागच्या दिवाळीपासून सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं, कधी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घ्यायचा कधी नाही, दोघं जण धक्का मारायचे तेव्हा गाडी निघायची. एका दुकानात दाखवली तर बॅटरी गेली म्हणाले, नवीन टाकली, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. तेव्हा लई जीवावर आलं होतं राव, बॅटरीचे पैसे काही थोडे नसतात.

मग व्होल्ट मोजायचा डिजिटल मल्टिमीटर घेतला, अगदी साधा, आणि गेले आठ महिने तो गाडीतच असतो.

पहिल्या दिवशीच कळलं की बॅटरी बरोबर होती. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.६, म्हणजे चांगली (९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता). मग पुढची सीट वर केली, खाली इंजिन असतंच, मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला लावली आणि पुतण्याला म्हटलं, मार सेल्फ. तो म्हणाला "काका, मारू का?" आणि मारला तर मीटरवर १.४! इथे ०.२ च्या आसपास असायला पाहिजे, म्हणजे अर्थिंगमध्येच (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) सव्वा व्होल्टच्या वर वाया जात होता. अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने बसते तिथे हिरवट पांढरी पावडर जमलेली, पट्टीच्या तारा अर्ध्या तुटलेल्या. नवीन पट्टी टाकली, जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, वरून व्हॅसलीन लावलं, आणि आकडा ०.१५ वर आला.

मे महिन्यात दुसरंच सुरू झालं. आपल्याकडे ऊन कसं असतं ते सांगायला नको, ४५ अंश. भुसावळला माल उतरवून दहा मिनिटांनी चावी फिरवली की टक्, आणि अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की आपोआप चालू. यावेळी सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा स्विच, चावी फिरवली की तो सेल्फला करंट सोडतो) बारीक वायरवर मीटर लावला, चावी फिरवून धरली तर ७.८ व्होल्ट, तेव्हा बॅटरीवर १२.२ होते. बाकीचे व्होल्ट इग्निशन स्विच आणि जुन्या वायरिंगने खाल्ले. बॅटरीवरून फ्यूज टाकून रिले (थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट सोडणारा स्विच) बसवला, अजूनपर्यंत त्रास नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो, मीटरची वायर अँपिअरच्या १० वाल्या भोकात घालून सेल्फला लावू नका, सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो, फ्यूज उडेल नाहीतर मीटर जळेल. न्यूट्रल आणि हँडब्रेक तर हवाच, आणि मी टेस्ट करताना गाडी चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूजही काढून ठेवतो.

मीटरच्या उणिवाही आहेत. रात्री डिस्प्ले दिसत नाही, मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. आकडा हळू बदलतो म्हणून सेल्फ मारताना सगळ्यात कमी किती आला ते पकडता येत नाही, त्यासाठी थोडे जास्त पैसे देऊन मिन-मॅक्सवाला घ्यायला पाहिजे होता. एकट्याने तर जमतच नाही, चावी फिरवायला कोणी तरी लागतंच. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे चुकीचे येतात, ती आधी बदला.

मागच्या महिन्यात सेल्फ पुन्हा रडायला लागला. सेल्फच्या मोठ्या बोल्टवरच ११.७ आले आणि तरी तो फिरेना, म्हणजे करंट पोचतो आहे पण सेल्फ घेत नाही. खालून हातोडीने हलकं टकटक केलं की घ्यायचा. यावेळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो तेव्हा बॅटरी, वायर सगळं सोडून सरळ सांगितलं की भो, फक्त सेल्फ उतरव. कार्बन ब्रश (सेल्फच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) पार झिजून स्प्रिंगपर्यंत आले होते. ब्रश आणि बुश बदलले, दुपारी गाडी घेऊन निघालो.