ओवाटोना की कोलंबस? सलिव्हनच्या दोन गावबँका

शिकागोत उंच इमारतींना नवं रूप देणाऱ्या लुई सलिव्हनला उतारवयात मोठी कामं मिळेनाशी झाली. १९०९ मध्ये घरच्या वस्तू लिलावात काढायची पाळी आली. त्याच काळात त्याने मध्य-पश्चिमेतल्या लहान गावांत बँका बांधल्या. अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्यांना त्यातली एकच बघता येणार असेल, तर मिनेसोटातली ओवाटोनाची बघावी की विस्कॉन्सिनमधली कोलंबसची?

माझं उत्तर ओवाटोना, आणि कारण आतलं दालन.

बाहेरून ही १९०८ ची बँक म्हणजे ६८ फूट लांब-रुंद विटांची पेटी. पाया तांबड्या वालुकाश्माचा, दोन रस्त्यांकडे एकेक प्रचंड कमान, कमानींत रंगीत काचा. बँकेचा उपाध्यक्ष कार्ल बेनेट हार्वर्डला शिकलेला, संगीताचा वेडा. सलिव्हनने त्याला पत्रात कळवलं होतं की मला रंगांची सिंफनी करायची आहे, बाहेरचा निसर्ग आत आणायचा आहे. तो आलाही. भिंतींवर ऑस्कर ग्रॉसने रंगवलेल्या गाई आणि शेतं आहेत, वरून बिडाची चार झुंबरं लोंबतात, प्रत्येकी सव्वादोन टनांची. ही झुंबरं आणि बरीचशी नक्षी सलिव्हनचा सहकारी जॉर्ज एल्म्स्ली याची. त्याचं नाव इतकं कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. शेतकऱ्यांना टेकायला, बोलायला वेगळी खोलीसुद्धा होती.

एक मात्र माहीत असू द्या. १९२६ मध्ये ही बँक बुडाली आणि १९४० च्या सुमारास आतली मोडतोड झाली. १९५८ मध्ये वास्तुविशारद हार्वेल हॅमिल्टन हॅरिसने उरलेलं जपत डागडुजी केली. त्यामुळे आतलं सगळंच मूळचं नाही.

कोलंबसची १९१९ ची बँक ही सलिव्हनची शेवटची. अध्यक्ष जॉन व्हीलर यांच्या पत्नीने आग्रह धरला म्हणून काम त्याच्याकडे गेलं. दर्शनी बाजू अरुंद: दार, शेजारी खिडकी, वर हिरव्या संगमरवराची पट्टी, दोन सिंह, माथ्यावर गरुड. पण थांबावं ते बाजूच्या लांब भिंतीपाशी. तिथे ओळीने कमानदार खिडक्या आहेत, आणि विटांच्या छटा इतक्या की भिंत विणल्यासारखी दिसते. आत छोटं संग्रहालय आहे.

मिनीॲपोलिसहून ओवाटोना गाडीने तासाभरावर. मॅडिसनला राहत असाल तर कोलंबस जवळ, आणि गाडी नसेल तर प्रश्नच मिटला: शिकागोहून मिनेसोटाकडे जाणारी अ‍ॅमट्रॅकची रेल्वे कोलंबसला थांबते.

वार पाहून निघा. कुलूप असेल तर ओवाटोनाचा मोठा भाग हुकतो. रविवारच हाताशी असेल तर कोलंबसला जा, तिथलं बरंचसं वैभव फुटपाथवरून दिसतं.