युन्नान बायाओ सहा महिने दिल्यानंतर, आणि ती लाल गोळी

युन्नान बायाओ हे रक्त थांबवणारं चिनी औषध. त्याच्या स्ट्रिपमध्ये सोळा कॅप्सूल असतात आणि मधोमध एक वेगळा छोटा खळगा असतो. त्या खळग्यात ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गोळी असायला हवी. मी ऑनलाइन मागवलेल्या दहाही स्ट्रिपमध्ये ती नव्हती. फॉइल शाबूत, खळगा रिकामा. तीन आठवडे भांडल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, की कॅप्सूल मोजून सोळा आहेत, पैसे परत मिळणार नाहीत. तेव्हाच ठरवलं, आता सगळं लिहायचं.

ज्यांच्या कुत्र्याला हीमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कर्करोग, झालाय त्यांना या औषधाची ओळख करून द्यायला नको. निदानाच्या दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी नाव सुचवतंच. आमचा खंडू ११ वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर, वजन ३२ किलो. पिल्लू आणलं तेव्हा अंगाचा रंग थेट भंडाऱ्यासारखा, म्हणून खंडू. नोव्हेंबरमध्ये त्याच्या पाणथरीवरची (प्लीहेवरची) गाठ फुटली आणि पोटात रक्त झालं. पाणथरी काढली. सर्जननी एक ते तीन महिने सांगितले, केमो घेतली तर थोडे जास्त. ऑपरेशनमध्येच आमची शिल्लक संपली होती आणि त्याचं वय बघता केमो नकोच वाटली.

मग चिनी औषधं देणाऱ्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. फ्लोरिडातल्या ची इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. त्यांनी खंडूची जीभ पाहिली आणि मागच्या मांडीच्या आतून नाडी धरली. माझे आजोळचे वैद्य असेच डोळे मिटून नाडी बघायचे, त्यामुळे मला तिथेच धीर आला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कॅप्सूल, आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, म्हणजे आत पुन्हा रक्तस्राव झाल्याची खूण दिसली, तर लाल गोळी देऊन ताबडतोब इस्पितळ. (हा डोस खंडूचा आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

कॅप्सूल पोळीच्या तुकड्यात लोणी लावून द्यायची आणि फुटू द्यायची नाही. एकदा त्याच्या दाताखाली फुटली तर पाच मिनिटं तोंडातून फेस येत होता. बोटाला लागलेली पूड मी जिभेवर ठेवून पाहिली. आधी थंडावा, मग कडवटपणा, मग जिभेचं टोक बधिर. ते बधिरपण मला खटकलं आणि मी शोधत बसले.

युन्नान प्रांतातल्या छू ह्वानचांग यांनी १९०२ मध्ये हे बनवलं, जखमेचं रक्त थांबवायला. १९५५ मध्ये त्यांच्या पत्नीने कृती सरकारला दिली आणि पुढे ती सरकारी गुपित झाली. सान्ची हे जिनसेंगच्या कुळातलं मूळ त्यात मुख्य, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण २०१३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य खात्याला त्यात बचनागाच्या कुळातलं विष सापडलं आणि तिथल्या बाजारातून माल परत घ्यायला लावला. म्हणजे जीभ उगीच बधिर झाली नव्हती! सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "शुद्ध केलेला असतो का?" आपल्याकडे बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध करतात, चिनी लोकही प्रक्रिया करूनच वापरतात. तरीही मला हे पशुवैद्य बाईंनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता दर महिन्याला खंडूच्या लिव्हरची रक्ततपासणी करून घेते आणि सर्जनपासूनही काही लपवत नाही.

जानेवारीत रात्री साडेअकराला तो उठेना. हिरड्या चुन्यासारख्या. लाल गोळी घातली आणि चाळीस मिनिटं गाडी हाणली. सोनोग्राफीत पोटात थोडं रक्त दिसलं. सकाळपर्यंत तो उभा राहिला, दुपारी दहीभात खाल्ला. मी त्या दिवशी भेटेल त्याला लाल गोळीचं सांगत होते. प्रत्येक स्ट्रिपमधली गोळी काढून आजीच्या चांदीच्या कुंकवाच्या डबीत साठवायला लागले.

मार्चमध्ये बॉस्टनला मैत्रिणीकडे गेलो होतो. डबी घरी राहिली, बरोबर ऑनलाइन आलेली नवी पाकिटं. रात्री पुन्हा तेच. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली मी एकामागून एक स्ट्रिप फाडली आणि प्रत्येक खळगा रिकामा. हात कापत होते. गोळीशिवायच इस्पितळात नेलं.

आणि दुसऱ्या दुपारपर्यंत खंडू तसाच उठला, जानेवारीत उठला होता तसाच.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की या गाठी थोड्या थोड्या पाझरतात, बऱ्याचदा आपोआप थांबतात, आणि पोटात सांडलेलं रक्त शरीर परत शोषून घेतं. म्हणून कुत्रा एक-दोन दिवसांत ताजातवाना दिसतो. आदल्या रात्री जे दिलं असेल, श्रेय त्याला जातं. घरी येऊन मी अभ्यास धुंडाळले. प्रयोगशाळेत या पुडीने कर्करोगाच्या पेशी मरतात. पण हृदयावरच्या गाठीतून रक्तस्राव होणाऱ्या कुत्र्यांना ती दिली, तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. जानेवारीत मी ज्यांना ज्यांना छातीठोकपणे सांगितलं, त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले.

याच कर्करोगासाठी युन्झी या चिनी मशरूमच्या गोळ्याही देत होतो, त्या मात्र त्याच आठवड्यात बंद केल्या. विकणारे अजून २०१२ च्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासातला १९९ दिवस जगण्याचा आकडा दाखवतात. ते १५ कुत्रे होते, तीन डोसांचे तीन गट, म्हणजे गटाला पाच! २०२२ मध्ये १०१ कुत्र्यांवर अभ्यास झाला तेव्हा फायदा दिसला नाही, ते कुणी छापत नाही. महिन्याला कॅप्सूलच्या तिप्पट पैसे जात होते आमचे. लोक शेवटच्या आशेवर खर्च करत असतात, त्यांना अर्धी गोष्ट सांगणं मला फार वाईट वाटतं.

कॅप्सूल चालू ठेवल्या आहेत. लिव्हर ठीक आहे, पशुवैद्य बाईंची हरकत नाही, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या चिनी दुकानात त्या दवाखान्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळतात. दुकानातल्या आजींसमोर प्रत्येक स्ट्रिप उजेडाला धरून खळगा तपासते. तुम्हीही तपासा, आणि लाल गोळी नसेल तर घेऊ नका. तिने खंडूला वाचवलं असं मी आता म्हणणार नाही. पण ज्या रिकाम्या स्ट्रिप मी बॉस्टनला फाडल्या, त्यांचे पैसे मला परत हवे आहेत.

परवाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर ठिपका दिसलाय. खंडू आत्ता माझ्या पायाशी पोळीची वाट बघत बसलाय. कुंकवाची डबी गाडीत ठेवली आहे.